नावाआधी आकडा: छत्रपती संभाजीनगरातील एका रत्नपरीक्षण केंद्राचा अनुभव

आजीच्या अंगठीतला लाल खडा माणिक आहे, अशी आमच्या घरात तीन पिढ्यांची समजूत होती. निजामाच्या राजवटीत आजोबांनी ती अंगठी हैदराबादेहून आणली, एवढेच आईला ठाऊक होते. पावती नाही, चिठ्ठी नाही. दिवाळीनंतर घरातल्या दागिन्यांच्या वाटण्या करायचे ठरले, तेव्हा ‘माणकाची अंगठी’ कोणाकडे जावी यावरून बोलणे लांबत चालले आणि शेवटी मीच म्हटले, की तो खडा माणिक आहे की नाही हे तरी आधी पाहू. मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे हे काम माझ्याकडेच आले.

याआधी एका ठिकाणी मी एक खडा दाखवून पाहिला होता. तिथून प्लॅस्टिकचे आवरण घातलेले एक चकचकीत कार्ड मिळाले, त्यावर खड्याचे छायाचित्र, वजन आणि पुढे ‘नैसर्गिक गार्नेट’ एवढे दोनच शब्द होते. कोणत्या चाचणीवरून हे ठरवले, कोणता आकडा आला, गार्नेटच्या कोणत्या प्रकारात हा खडा बसतो, याचा त्यावर मागमूस नव्हता. त्या कार्डाने माझे समाधान झाले नाही. म्हणून जानेवारीत एसटीने बीडमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठले आणि सराफ्यापासून जवळच, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणाऱ्या या केंद्रात एक अख्खा दिवस घालवला. सोबत चार गोष्टी होत्या: आजीची अंगठी, तिच्याच कुडीतून निखळून पडलेला एक सुटा लाल खडा, मावसभावाने बोटात घालण्यासाठी घेतलेला गोमेद आणि वहिनींना ‘हिरवा गार्नेट’ म्हणून विकला गेलेला एक खडा. आईची लाल मण्यांची माळ माझ्या गळ्यातच होती; तिची तपासणी मागाहून सुचली.

गार्नेट हे एका दगडाचे नाव नसून एका कुटुंबाचे आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या केंद्राचे काम चांगले का, ते सांगता येणार नाही. या कुटुंबातल्या प्रत्येक स्फटिकाची बांधणी एकच असते: सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे ठरावीक सिलिकेट गट आणि त्यांच्यामध्ये धातूंच्या अणूंसाठी दोन प्रकारच्या जागा. सूत्रात पहिल्या प्रकारच्या तीन जागा धरल्या, तर त्यांवर मॅग्नेशियम, द्विसंयुजी लोह, मँगनीज किंवा कॅल्शियम बसते. दुसऱ्या प्रकारच्या दोन जागांवर ॲल्युमिनियम, त्रिसंयुजी लोह, क्रोमियम किंवा व्हॅनेडियम. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असेल तर पायरोप, लोह आणि ॲल्युमिनियम असेल तर अल्मंडाइन, मँगनीज आणि ॲल्युमिनियम असेल तर स्पेसार्टाइन. कॅल्शियमबरोबर ॲल्युमिनियम आले तर ग्रॉस्युलर, त्रिसंयुजी लोह आले तर अँड्राडाइट आणि क्रोमियम आले तर उव्हारोव्हाइट. निसर्गात मात्र शुद्ध पायरोप किंवा शुद्ध अल्मंडाइन जवळपास सापडतच नाही. जागा त्याच, पण त्या जागांवर बसणारे अणू कमी-अधिक प्रमाणात मिसळलेले, असाच बहुतेक खडा असतो. म्हणून गार्नेटचे नाव सांगणे म्हणजे खरे तर एका मिश्रणाचे प्रमाण सांगणे होय, आणि प्रमाण सांगायचे तर आकडा लागतो.

या केंद्रातल्या तरुण परीक्षकांनी हीच गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कृतीने दाखवली. मी शिकवते हे कळल्यावर त्यांनी ‘मॅडम’ सोडून ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणारे यंत्र, माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “बाई, आकडा तुम्हीच वाचा. मी सांगितला तर तो माझा होईल.”

सुरुवात कुडीतल्या सुट्या खड्यापासून केली. यंत्राच्या काचेवर संपर्कद्रवाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, त्यावर खड्याची सपाट बाजू, मागून सोडियमच्या दिव्यासारखा एकरंगी पिवळा प्रकाश. डोळा लावल्यावर मोजपट्टीवर उजेड आणि सावली यांची एक रेघ दिसते. ती रेघ जिथे पडते तो खड्याचा अपवर्तनांक. मला ती १.७७५ वर दिसली. आता माणकाचे दोन अपवर्तनांक सुमारे १.७६२ आणि १.७७० असतात, म्हणजे आकडा इतका जवळचा, की घाईत वाचणारा इथेच फसावा. फरक असा, की माणकात प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे ध्रुवणाची, म्हणजे प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणारी चकती फिरवली की रेघ दोन जागांमध्ये सरकते. गार्नेट घनीय स्फटिक, त्यात किरण दुभंगत नाही आणि रेघ एकच राहते. मी चकती चांगली चार वेळा फिरवून पाहिली. रेघ जागची हलली नाही.

पुढची पायरी पोलॅरिस्कोपची होती आणि तिथे मला वाटले, की आता घोटाळा झाला. एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवण-चकत्यांमध्ये धरलेला गार्नेट पूर्ण फिरवला तरी काळाच दिसायला हवा. हा खडा मात्र फिरवताना कुठे उजळे, कुठे काळवंडे, आणि त्यातून सापासारख्या वळणाच्या सावल्या सरकत. परीक्षक थांबले, खडा सर्वांत उजळ दिसेल त्या जागी स्थिर केला आणि वरची चकती फिरवून दोन्ही चकत्या समांतर केल्या. खडा आणखी लख्ख उजळला. खरोखरीच किरण दुभंगवणारा खडा असता, तर तो तसाच राहिला असता किंवा काळवंडला असता. गार्नेटच्या स्फटिकात अंतर्गत ताण राहिल्याने असा भास होतो आणि तो या कुटुंबात नेहमीचाच आहे. ही एक पायरी वगळून एखाद्याने ‘द्विअपवर्तनी, म्हणून माणिक’ असे लिहून टाकले असते, तर आमच्या घरात एक चुकीची गोष्ट शिक्क्यासह पक्की झाली असती.

मग विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा आपल्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे ते. इथे मला या केंद्राचे सर्वांत जास्त कौतुक वाटले, कारण हे काम कंटाळवाणे आहे आणि पुष्कळ ठिकाणी ते करतच नाहीत. तराजूवर खड्याचे हवेतले वजन २.१४ कॅरट भरले. त्यानंतर तारेच्या छोट्या पाळण्यात ठेवून तो पाण्यात बुडवला. पहिले वजन १.५८ आले आणि ते लगेच खोडले गेले, कारण खड्याच्या खालच्या टोकाशी मोहरीहूनही लहान असा हवेचा एक बुडबुडा चिकटला होता. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, बारीक कुंचल्याने बुडबुडा हलवला, तेव्हा वजन १.६० वर स्थिरावले. हवेतले वजन भागिले दोन वजनांतला फरक, म्हणजे २.१४ भागिले ०.५४, बरोबर ३.९६. वर्गात ‘आर्किमिडीजचे तत्त्व’ दरवर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या मला, तो बुडबुडा राहिला असता तर उत्तर ३.८२ आले असते, हे त्या टेबलाशी बसून जितके कळले तितके आजवर कळले नव्हते.

आता हे दोन आकडे एकमेकांना कसे सावरून धरतात ते पाहा. शुद्ध पायरोपचा अपवर्तनांक १.७१४ आणि विशिष्ट गुरुत्व ३.५८, शुद्ध अल्मंडाइनचा १.८३० आणि ४.३२. आमचा १.७७५ हा आकडा या दोन टोकांच्या जवळजवळ मध्यावर पडतो, म्हणजे खड्यात मॅग्नेशियम आणि लोह साधारण निम्मे-निम्मे असावे, आणि त्या हिशेबाने विशिष्ट गुरुत्व ३.९७ च्या आसपास यायला हवे. मोजून आले ३.९६. दोन वेगवेगळ्या यंत्रांनी, दोन वेगवेगळ्या गुणधर्मांवरून, एकच गोष्ट सांगितली. यात अर्थात एक मेख आहे: इतक्या लहान खड्याच्या वजनात ०.०१ कॅरटची चूक झाली, तरी उत्तर ३.८९ पासून ४.०४ पर्यंत कुठेही जाऊ शकते, आणि खड्यात थोडे मँगनीज किंवा कॅल्शियम असेल तर माझा निम्मानिम्मा हिशेबही सरकतो. परीक्षकांनी ही मर्यादा मी विचारण्याआधीच सांगितली आणि अहवालात प्रमाण न लिहिता ‘पायरोप–अल्मंडाइन’ एवढेच लिहिले, ते मला पटले.

पहिल्या मसुद्यात मात्र ‘ऱ्होडोलाइट’ असे लिहिले होते. ऱ्होडोलाइट हे पायरोप आणि अल्मंडाइन यांच्यामधल्या जांभळट लाल खड्यांना दिलेले व्यापारी नाव आहे, त्याचा अपवर्तनांक सहसा १.७६ च्या आसपास असतो आणि त्याची सीमारेषा सगळीकडे एकच धरली जात नाही. आमचा खडा गडद लाल, जांभळी छटा जवळपास नाही. मी आक्षेप घेतल्यावर त्यांनी खडा पुन्हा उजेडात धरून पाहिला आणि नाव बदलले. चूक मान्य करणारा परीक्षक ही माझ्या लेखी जमेची बाजू. पण विकायला सोयीचे नाव आधी मसुद्यात यावे, हे बरे नव्हे.

अंगठीचा प्रश्न अवघड होता. जुन्या पद्धतीचे बंद कोंदण, मागून उजेड जायला वाट नाही. त्यामुळे पोलॅरिस्कोप नाही, आणि सोन्यासकट वजन करून विशिष्ट गुरुत्व काढण्यात अर्थ नाही. परीक्षकांनी आधी दहापट भिंगातून खड्याच्या कडा दाखवल्या. पैलू जिथे मिळतात त्या रेघा गोलसर झालेल्या, मधूनमधून बारीक कपचे उडालेले. माणकाची कठिनता ९. रोजच्या धुळीतली वाळू ७ कठिनतेची, ती माणकाला काही करू शकत नाही. गार्नेटची कठिनता ६.५ ते ७.५, आणि आजीने ती अंगठी भांडी घासताना, जात्यावर दळताना कधी काढली नाही. मला तिथे क्षणभर आजीचा हात दिसला. हा पुरावा नव्हे, हे मला कळते. पण ती खूण खरी होती.

पुरावा प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकाने दिला. खड्याच्या तोंडातून आत गेलेला आणि तळाशी आपटून परतणारा प्रकाश त्या बोटभर नळीतून पाहिला, की इंद्रधनुष्याच्या पट्टीत तीन काळे पट्टे स्पष्ट दिसतात: पिवळ्यात ५७६ नॅनोमीटरजवळ रुंद, हिरव्यात ५२७ जवळ आणि निळसर हिरव्यात ५०५ जवळ. हे लोहाचे, म्हणजे अल्मंडाइनचे ओळखपत्र. माणकात क्रोमियम असते. त्याच्या रेघा तांबड्या टोकाला, ६९४ नॅनोमीटरजवळ दिसल्या असत्या, आणि अतिनील विजेरीखाली माणिक बहुधा निखाऱ्यासारखे पेटून उठते. आमची अंगठी त्या विजेरीखाली मुकी राहिली. अपवर्तनांक १.७८, रेघ एकच. घरातले माणिक गार्नेट निघाले. आईला फोनवर सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, “कुडीतला पण तोच ना? मग जोड बरोबर आहे.” मला हे उत्तर फार आवडले.

गोमेद बाबतीत मनात शंका नव्हती, पण तपासणी करून घेतली ते बरे झाले. बाजारात गोमेद म्हणून काय काय खपते याला सुमार नाही: रंगीत काच, नारिंगी झिरकॉन, स्पेसार्टाइन. शिवाय हा शब्दच मराठीत सैल आहे. जुन्या भाषांतरांत ऑनिक्सलाही गोमेद म्हटलेले आढळते, आणि ऑनिक्स म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात भरपूर सापडणाऱ्या अकीकाचा सख्खा भाऊ, विशिष्ट गुरुत्व जेमतेम २.६०. नवरत्नांतला गोमेद म्हणजे हेसोनाइट, अर्थात ग्रॉस्युलर गार्नेटचा मधासारखा प्रकार. मावसभावाचा खडा हवेत ६.२० कॅरट, पाण्यात ४.४९, विशिष्ट गुरुत्व ३.६३. अपवर्तनांक १.७४२. दोन्ही आकडे ग्रॉस्युलरच्या घरात नेमके बसतात. काच असती तर दोन्ही सहसा खाली आले असते, स्पेसार्टाइन असता तर दोन्ही वर, सुमारे १.८० आणि ४.१५. झिरकॉनचा अपवर्तनांक तर यंत्राच्या पट्टीबाहेर जातो आणि भिंगातून त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

आकड्यांइतकेच खात्रीचे होते ते आतले दृश्य. सूक्ष्मदर्शकाखाली खडा स्वच्छ, नितळ दिसत नाही. कोमट पाण्यात गुळाचा पाक सोडला आणि ढवळले नाही, तर जशा दाट-पातळ लहरी तरंगत राहतात, तशा लहरी सबंध खड्यात गोठलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये गोलसर कडांचे बिनरंगी स्फटिक विखुरलेले. ते दृश्य मला पाच मिनिटे सोडवेना. काचेत बुडबुडे असतात, वळसेही असतात, पण हे गोलसर स्फटिक नसतात. मावसभावाला त्या खड्याचा ग्रहदशेसाठी काय उपयोग होईल यावर केंद्राने एक अक्षरही काढले नाही, हेही नोंदवते. विचारल्यावर “ते आमच्या यंत्रांना दिसत नाही” एवढेच उत्तर मिळाले, आणि ते मला योग्य वाटले.

आता हिरव्या खड्याविषयी, कारण खरी फसवणूक तिथे झाली होती. वहिनींनी तो एका दुकानातून ‘हिरवा गार्नेट’ म्हणून चांगली किंमत मोजून घेतला. हिरवा गार्नेट ही चीज खरोखर आहे: व्हॅनेडियम आणि क्रोमियममुळे हिरवा झालेला ग्रॉस्युलर, जो कॅम्पबेल ब्रिजेस या भूवैज्ञानिकाला १९६७ मध्ये टांझानियात सापडला आणि ज्याला पुढे केनियातल्या त्साव्हो राष्ट्रीय उद्यानावरून त्साव्होराइट हे नाव मिळाले. दुसरा हिरवा गार्नेट म्हणजे डिमांटॉइड, अँड्राडाइटचा प्रकार, रशियातल्या उरल पर्वतामुळे प्रसिद्धीस आलेला. त्साव्होराइट असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर रेघ १.७४ जवळ यायला हवी. आमच्या खड्याची रेघ आलीच नाही, फक्त १.८१ वर संपर्कद्रवाची स्वतःची रेघ दिसत राहिली, म्हणजे खडा यंत्राच्या मर्यादेपलीकडचा. माझ्या मनात एकदम आशा निर्माण झाली, कारण डिमांटॉइडचा अपवर्तनांक १.८८ च्या पुढे असतो आणि तो फार मोलाचा.

परीक्षकांनी काही न बोलता खडा तराजूवर ठेवला. हवेत ३.०५ कॅरट, पाण्यात २.३८. भागाकार ४.५५. डिमांटॉइडचे विशिष्ट गुरुत्व ३.८४ च्या आसपास. दागिन्यांत वापरला जाणारा निसर्गातला कोणताही गार्नेट ४.३२ च्या फारसा वर जात नाही. ४.५५ हा आकडा आहे यॅगचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या यिट्रियम–ॲल्युमिनियम गार्नेटचा. भिंगातून पाहिले तर खडा नको इतका स्वच्छ होता. डिमांटॉइडमध्ये पुष्कळदा दिसणारे घोड्याच्या शेपटीसारखे क्रायसोटाइल या तंतुमय खनिजाचे केस कुठेच नव्हते, आणि डिमांटॉइड हलवताना जे रंगीत ठिणग्यांचे कारंजे उडते त्याची इथे निम्मीही झळाळी नव्हती. यॅगची स्फटिकरचना गार्नेटचीच आहे, म्हणून नावातला ‘गार्नेट’ शब्द खोटा नाही; पण त्यात सिलिकॉनचा अणू औषधालाही नाही, तो खाणीतून आलेला नाही, आणि त्याच्याच जातीचे स्फटिक लेसर यंत्रांसाठी कारखान्यात तयार करतात. विकणाऱ्याने नावाचा अर्धा भाग सांगितला आणि उरलेला गिळला. वहिनींना हे सांगताना मला अतिशय वाईट वाटले. म्हणूनच मी म्हणते, की ‘गार्नेट’ एवढेच लिहिलेले कार्ड हातात असणे आणि नसणे सारखेच, ४.५५ हा एक आकडा त्या कार्डावर असता, तर कोणत्याही जाणकाराने ते वाचून खडा परत करायला लावला असता.

माळेची गोष्ट दुपारी जेवणानंतर निघाली. साठ मणी, गोल, त्यामुळे सपाट बाजूची पद्धत चालत नाही. गोल पृष्ठभागावर द्रवाचा ठिपका दूरून पाहून अपवर्तनांक अंदाजे काढतात. पाच-सहा मण्यांचा तो १.७९ च्या आसपास आला, पण साठ वेळा हे करणे शक्य नव्हते. तेव्हा परीक्षकांनी माळ ओवलेला दोरा माझ्या परवानगीने सोडला, पाण्याने भरलेल्या काचेच्या ताटलीत थर्माकोलचा नखाएवढा तुकडा तरंगत ठेवला, त्यावर एक मणी ठेवला आणि निओडायमियमचा चुंबक जवळ आणला. थर्माकोलची ती होडी हळूच वळली आणि चुंबकाकडे चालू लागली. दुसरा मणी, तिसरा मणी, तसेच. द्विसंयुजी लोहात आणि मँगनीजमध्ये जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे ते चुंबकाकडे ओढले जातात; मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांत तसे काही नाही. म्हणून अल्मंडाइन आणि स्पेसार्टाइन जोराने येतात, हेसोनाइट अगदी मंद, आणि माणिक जागचे हलत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना अनुचुंबकत्व शिकवण्यासाठी इतका सोपा, इतका देखणा प्रयोग मी आजवर पाहिला नव्हता, आणि या महिन्यात तो मी वर्गात करून दाखवणार आहे. साठांपैकी तीन मणी चुंबकाला दाद देईनात. भिंगाखाली त्यांत गोल बुडबुडे दिसले. काच. कधीतरी माळ तुटली असेल, मणी हरवले असतील आणि ओवणाऱ्याने रंग जुळवून भरती केली असेल.

हा चुंबकाचा प्रयोग अहवालात मात्र नोंदवलेला नाही, तो ‘आमच्या समजुतीसाठी’ म्हणून केला असे सांगण्यात आले. हे मला चुकीचे वाटते. चाचणी केली, निष्कर्ष काढला, तर ती लिहायला हवी. आणखी काही उणिवा सांगायला हव्यात. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो. आईला तो वाचून दाखवावा लागला, आणि ज्या ग्राहकाला त्या कागदाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच तो कळू नये, ही मोठी त्रुटी आहे. विशिष्ट गुरुत्व मोजताना पाण्याचे तापमान नोंदवले नव्हते. ३० अंशांना पाण्याची घनता ०.९९५७ असते, म्हणजे आमच्या ३.९६ चा ३.९४ होतो, फरक क्षुल्लक, पण नोंद ठेवण्याची सवय क्षुल्लक नसते. दुपारी वीज गेली तेव्हा तासभर काम थांबले. प्रत्येक खड्याला पाचशे रुपये घेतले; माळेचे सगळे मिळून हजार. केलेल्या कामाच्या मानाने मला हे वाजवी वाटले.

रासायनिक पृथक्करण इथे होत नाही. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे किंवा रामन वर्णपट घेणारे यंत्र त्यांच्याकडे नाही, आणि ते तसे स्पष्ट सांगतात. पायरोप आणि स्पेसार्टाइन यांच्या मिश्रणातले रंग बदलणारे खडे, किंवा तीन-चार धातू एकत्र आलेले नारिंगी खडे नेमके ओळखायचे, तर अपवर्तनांक आणि विशिष्ट गुरुत्व पुरत नाहीत. तिथे मोठ्या प्रयोगशाळेतच जावे लागेल. आमच्यासारख्या घरगुती खड्यांना मात्र भिंग, रिफ्रॅक्टोमीटर, तराजू आणि वर्णपटदर्शक पुरतात, अट एवढीच, की वापरणाऱ्याला घाई नसावी. अहवालातला ‘उगमस्थान’ हा रकाना त्यांनी कोरा ठेवला, हेही बरोबर केले. आपल्या मराठवाड्याची बहुतेक जमीन लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाची. त्यात झिओलाइट मिळतात, अकीक मिळतो, पण असे लाल गार्नेट रूपांतरित खडकांत तयार होतात आणि ते आपल्याकडे राजस्थान, ओडिशा, तेलंगण अशा भागांतून येतात. हैदराबादेत घेतलेला खडा तेलंगणातलाच असेल, असे वाटण्याचा मोह मला झाला. पण हातातल्या यंत्रांवरून ते सांगता येत नाही, म्हणून रकाना कोराच असावा.

इथे येऊ इच्छिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असला, तरी तो सोन्याच्या शुद्धतेविषयी बोलतो; त्यात बसवलेल्या खड्याशी त्याचा संबंध नाही. आणि वजन रत्तीत सांगितले तर कॅरटमध्ये लिहून मागावे, कारण रत्तीचे माप पेढीगणिक बदलते, कॅरट मात्र सगळीकडे ०.२ ग्रॅमच. शक्य असेल तर खडा सुटा करून आणावा.

आम्ही आता तेच करतो आहोत. अंगठी शेवटी आईकडेच राहिली, कारण गार्नेट म्हटल्यावर वाटणीचा आग्रह कोणी धरला नाही, आणि मागून उघड्या कोंदणात बसवण्यासाठी ती मी अंबाजोगाईच्या कारागिराकडे दिली आहे. झाळकाम करण्याआधी खडा काढून ठेवा, हे त्यांना दोनदा बजावले, कारण एकदम आच लागली तर गार्नेट तडकतो. खडा सुटा झाला, की तो घेऊन पुन्हा या केंद्रात जाईन. अंगठीच्या अहवालात विशिष्ट गुरुत्वापुढे ‘जडवलेला असल्याने मोजले नाही’ असे लिहिले आहे. ती जागा भरून घ्यायची आहे.